हवाई दलातील बदली: नव्या स्टेशनवर कुटुंबासह रुजू होणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पोस्टिंग आल्याचे कळले की घरात पहिला प्रश्न ‘कुठे?’ हा असतो आणि दुसऱ्याच वाक्यापासून सामानाची चर्चा सुरू होते. फ्रिज न्यायचा की विकायचा, सोफ्याचे काय करायचे, यात पहिला आठवडा निघून जातो. वास्तविक सामान हा बदलीतला सर्वांत सोपा भाग आहे, कारण ते उशिरा पोहोचले तरी कोणाचे फारसे अडत नाही. कागद उशिरा पोहोचला, तर मात्र घर, शाळा, औषधोपचार आणि प्रवासभत्ता हे सगळेच एकदम अडून बसते. म्हणून भारतीय हवाई दलात नव्याने आलेल्या आणि प्रथमच बायको-मुलांसह एका स्टेशनवरून, म्हणजे हवाई दलाच्या तळावरून, दुसऱ्या स्टेशनवर निघालेल्या वायुसैनिकांसाठी हा लेख कामांच्या क्रमानेच मांडला आहे. अधिकाऱ्यांच्या बाबतीत हक्क आणि सोयी वेगळ्या असल्या, तरी क्रम हाच राहतो.

पहिली पायरी: आदेश नीट वाचणे

पोस्टिंगच्या आदेशात तीन गोष्टी शोधा: तुमचे नवे युनिट, ते ज्या स्टेशनवर आहे ते स्टेशन, आणि जुन्या युनिटने तुम्हाला मोकळे करण्याची तारीख. युनिट आणि स्टेशन एकच नसतात, हे नवख्यांच्या बहुधा उशिरा लक्षात येते. एका स्टेशनवर स्क्वॉड्रन, सिग्नल युनिट, दुरुस्तीचे युनिट अशी अनेक युनिटे राहतात आणि त्यांपैकी काही ‘लॉजर युनिट’ म्हणून केवळ तिथे मुक्कामाला असतात. तुमची हजेरी युनिटकडे लागते, पण क्वार्टर, प्रवेशाचा पास, कँटीन आणि दवाखाना हे सारे साधारणपणे स्टेशनकडे असते. एखादे काम अडले की आपण नेमके कोणाच्या दारात उभे राहायचे, हे या फरकावर ठरते.

त्यानंतर स्टेशनचा प्रकार विचारून घ्या. कुटुंब नेता येणारे स्टेशन, कुटुंब नेता न येणारे स्टेशन आणि फील्ड क्षेत्रातील स्टेशन यांचे नियम सर्वस्वी वेगळे असतात. कुटुंब नेता येत नसेल, तर पत्नी आणि मुलांना जुन्या ठिकाणीच सरकारी घरात काही काळ राहू देण्याची किंवा विभक्त कुटुंबांसाठी राखलेल्या घरांपैकी एखादे मिळण्याची तरतूद असते. तिचा अर्ज मात्र निघण्यापूर्वी करावा लागतो. नंतर केलेला अर्ज हा विनंतीअर्ज ठरतो.

आदेश हाती आला की नव्या युनिटच्या ऍडजुटंटच्या (युनिटचे प्रशासकीय काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयाशी किंवा तिथे असलेल्या तुमच्याच ट्रेडमधील एखाद्या सार्जंटशी फोनवर बोला. क्वार्टरची प्रतीक्षायादी किती मोठी आहे, जवळचे केंद्रीय विद्यालय कोणते, पोहोचल्यावर कुटुंबाला पहिले काही दिवस कुठे उतरता येईल, एवढे तीन प्रश्न पुरेसे आहेत. या एका संभाषणाने जेवढी माहिती मिळते तेवढी कोणत्याही परिपत्रकातून मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: क्लिअरन्स

क्लिअरन्सचा फॉर्म हा एक साधा कागद असतो, पण तो स्टेशनवरच्या बहुतेक विभागांतून फिरतो. कपडे आणि साहित्याचे स्टोअर, वाचनालय, मेस, कँटीन, क्रीडा विभाग, दवाखाना, लेखा विभाग आणि घर असल्यास एमईएस (सरकारी घरांची देखभाल पाहणारी लष्करी अभियंता सेवा), अशा प्रत्येक ठिकाणी ‘याच्याकडे काही येणे नाही’ अशी सही घ्यायची असते. सही देणारा माणूस रजेवर गेलेला असू शकतो, स्टोअरचा दिवस ठरलेला असू शकतो, आणि वाचनालयाचे एखादे पुस्तक मुलांच्या कपाटात हरवलेले असू शकते. म्हणून शेवटच्या दोन दिवसांवर हे काम कधीही ढकलू नये.

घर सोपवण्याचे काम यात सर्वांत किचकट असते. क्वार्टर ताब्यात घेताना पंखे, दिव्यांच्या फिटिंग, पलंग, टेबले, नळ यांची जी यादी तुम्ही सही करून घेतली होती, तीच यादी हातात घेऊन एमईएसचे आणि बॅरक स्टोअरचे (सरकारी फर्निचरच्या कोठाराचे) लोक सोडताना घर तपासतात. तुटलेली काच, हरवलेली किल्ली, नसलेला तोटीचा नळ यांची रक्कम वेतनातून कापली जाते. तपासणीच्या आधीच यादी स्वतः वाचून किरकोळ दुरुस्त्या करून घ्याव्यात, आणि वीजमीटरचे शेवटचे रीडिंग दोन्ही बाजूंच्या सहीने कागदावर लिहून त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. तुमच्यानंतर आलेल्या कुटुंबाने वापरलेली वीज तुमच्या नावावर येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप असतो.

तिसरी पायरी: हातात धरायची फाइल

एक जाड फाइल करा आणि ती ट्रकमध्ये न देता प्रवासात स्वतःजवळ ठेवा. त्यात पोस्टिंगचा आदेश, मूव्हमेंट ऑर्डर (प्रवासाचा लेखी आदेश), क्लिअरन्सची प्रत, ओळखपत्रे, कँटीनचे कार्ड, कुटुंबाची वैद्यकीय कागदपत्रे, लसीकरणाच्या नोंदी, विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, गाडीची कागदपत्रे आणि शेवटची वेतनपावती असावी.

यातील सर्वांत महत्त्वाची तपासणी नावांची आहे. हवाई दलात विवाह, अपत्यजन्म यांसारख्या घटनांची नोंद पीओआरद्वारे (सेवानोंदीत बदल कळवणाऱ्या अधिकृत अहवालाद्वारे) होते आणि पत्नी-मुलांचे वैद्यकीय व इतर हक्क त्याच नोंदीवर उभे असतात. आपल्याकडे मुलीचे बारावीपर्यंतचे कागद माहेरच्या नावाने असतात, लग्नानंतर आधार नव्या नावाने निघते, कधी लग्नात पहिले नावही बदलले जाते. शिवाय ‘स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव’ हा आपला क्रम इतर राज्यांतल्या कारकुनांना परिचयाचा नसतो, त्यामुळे मधले नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसते. पीओआर, आधार, बँक खाते आणि मुलांच्या जन्मदाखल्यावरील आईचे नाव हे चारही एकमेकांशी अक्षरशः जुळतात का, हे निघण्यापूर्वी पाहा. जुळत नसतील तर विवाह नोंदणीचा दाखला हाच त्यांना जोडणारा दुवा असतो, आणि दुरुस्ती आपल्या जिल्ह्यात, आपल्या भाषेत बोलणाऱ्या कार्यालयात जितकी लवकर होते तितकी आसाममध्ये किंवा पंजाबमध्ये बसून होत नाही.

पत्नी नोकरी करत असेल, तर तिचीही फाइल वेगळी करा. परिचारिकांना दुसऱ्या राज्यात काम करायचे असेल तर त्या राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी महाराष्ट्रातील परिषदेचे ना-हरकत पत्र लागते. या कामाला वेळ लागतो, म्हणून ते आदेश आल्या दिवसापासून सुरू करावे.

चौथी पायरी: मुलांची शाळा

मूल आधीच केंद्रीय विद्यालयात असेल, तर तुमचे काम बरेच हलके आहे, कारण एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात बदलीच्या कारणाने जाण्याची पद्धत रुळलेली आहे. नव्याने प्रवेश घ्यायचा असेल, तर सेवेतील पालकाच्या गेल्या ७ वर्षांतील बदल्यांची संख्या प्राधान्यक्रमात मोजली जाते, त्यामुळे त्या बदल्यांचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र युनिटमधून आणायला विसरू नका. पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ मार्च रोजी मुलाची ६ वर्षे पूर्ण असावी लागतात. काही स्टेशनांवर हवाई दलाच्या स्वतःच्या शाळा आहेत आणि लष्कराची छावणी जवळ असेल तर आर्मी पब्लिक स्कूलचाही पर्याय असतो.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळेतून परराज्यात जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहून जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांच्या सहीबरोबर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी परराज्यातील शाळा मागतात, आणि ती मिळवण्यासाठी पुन्हा आठशे मैलांवरून जिल्हा परिषदेत यावे लागणे फार क्लेशदायक असते. दाखला घेतला त्याच आठवड्यात ती घ्या. यू-डायस प्लस या शाळा-विद्यार्थ्यांच्या देशव्यापी ऑनलाइन नोंदप्रणालीत मुलाची नोंद जुन्या शाळेने ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकली आहे याची खात्री करा, तसे झाल्याशिवाय नवी शाळा ती नोंद आपल्याकडे घेऊ शकत नाही.

नववी ते बारावीचा निर्णय घाईने घेऊ नये. सीबीएसईची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, आणि दहावीत किंवा बारावीत शाळा बदलायची तर मंडळाची परवानगी लागते. बोर्डाच्या वर्षात असलेल्या मुलासाठी जुन्या स्टेशनवरचे घर शैक्षणिक कारणाने काही काळ ठेवण्याची मुभा मागता येते. घरातला एक जण दूर राहण्याची ही व्यवस्था कोणालाच आवडत नाही, पण बोर्डाच्या वर्षी ती मुलाच्या हिताची असते असे मी आग्रहाने सांगेन.

पाचवी पायरी: सामान आणि पैसा

सातव्या वेतन आयोगानंतरच्या नियमांनुसार सरकारी खर्चाने नेता येणाऱ्या घरगुती सामानाची मर्यादा वेतनस्तरावर ठरते: स्तर ४ पर्यंत, म्हणजे कॉर्पोरलपर्यंत, १,५०० किलो, स्तर ५ च्या सार्जंटसाठी ३,००० किलो, आणि स्तर ६ पासून, म्हणजे ज्युनिअर वॉरंट ऑफिसरपासून पुढे, ६,००० किलो. रस्त्याने नेल्यास किलोमीटरमागे ठरावीक दर मिळतो. याखेरीज २० किलोमीटरपेक्षा लांबच्या बदलीसाठी शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के इतके एकत्रित बदली अनुदान असते. निघण्यापूर्वी आगाऊ रक्कम घेता येते, आणि ती घ्यावीच, कारण पॅकिंग, घरभाडे, शाळेची फी आणि गणवेश हे खर्च एकाच महिन्यात कोसळतात. किलोमीटरमागचा दर महागाई भत्त्याबरोबर बदलत असल्यामुळे चालू आकडा लेखा विभागातूनच घ्यावा.

दावा मंजूर होतो तो कागदावर. वाहतूकदाराची जीएसटी क्रमांक असलेली पावती, ट्रकचा क्रमांक लिहिलेली बिल्टी, सामानाची यादी आणि वजन यांपैकी काही नसेल, तर खर्च प्रत्यक्षात झालेला असूनही पैसे अडकतात. दावा प्रवास पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांच्या आत दाखल करायचा असतो. वाहतूकदार निवडताना फक्त स्वस्त दराकडे पाहू नये. कमी दर सांगून सामान चढवायचे आणि अर्ध्या वाटेत जादा पैशांसाठी अडवून धरायचे, हा प्रकार ठाऊक असलेली माणसे प्रत्येक स्टेशनवर भेटतात. आपल्याच स्टेशनवरून अलीकडे गेलेल्या कुटुंबाने ज्याच्याकडून सामान नेले, त्यालाच विचारणे उत्तम.

बांधणीसाठी काळ्या लोखंडी पेट्यांना अजूनही तोड नाही. पेटीच्या झाकणावर आणि दोन्ही बाजूंवर पांढऱ्या रंगाने तुमचे नाव आणि पेटीचा क्रम लिहा, आणि कोणत्या पेटीत काय आहे याची वही वेगळी ठेवा. भांडी गोधड्यांमध्ये, काचसामान लोकरीच्या कपड्यांमध्ये गुंडाळावे. पहिल्या दोन दिवसांना लागणारे पातेले, तवा, चहाचे सामान, दोन चादरी, बल्ब, स्क्रूड्रायव्हर आणि औषधे ‘पेटी क्रमांक १’ मध्ये ठेवून ती ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढवावी, म्हणजे उतरताना ती सर्वांत आधी हाती येते. गॅसचे सिलिंडर कधीही सामानात घालू नये. ते एजन्सीकडे जमा करून कनेक्शन बदलीचे व्हाउचर घ्यावे आणि ते फाइलमध्ये लावावे.

वाहन परराज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायचे असेल, तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी जुन्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. नवी गाडी घेणारच असाल, तर २०२१ पासून सुरू झालेल्या बीएच मालिकेचा विचार करा. संरक्षण दलातील व्यक्ती तिला पात्र आहेत आणि राज्य बदलले तरी नोंदणी बदलावी लागत नाही.

सहावी पायरी: पोहोचल्यावर

स्टेशनच्या मुख्य फाटकावर पहिला संबंध येतो तो गार्डरूमचा. मूव्हमेंट ऑर्डर आणि ओळखपत्र दाखवून प्रवेश घ्या, आणि कुटुंब बरोबर असेल तर त्यांची ओळखपत्रे आधीच बाहेर काढून ठेवा. त्यानंतर युनिटमध्ये हजर होणे, दवाखान्यात आणि लेखा विभागात नोंद करणे, मेसमध्ये नाव लावणे, वरिष्ठांच्या भेटी ही कामे ठरलेल्या क्रमाने होतात. अविवाहित वायुसैनिक बिलेटमध्ये, म्हणजे सामाईक निवासात, राहतात. तिथली शिस्त प्रशिक्षण केंद्रातल्यासारखीच, फक्त थोडी मोकळी असते, असे समजून चालावे.

विवाहितांनी क्वार्टरचा अर्ज हजर झाल्यादिवशीच द्यावा, कारण प्रतीक्षायादीत एक दिवसाचा फरकही महिन्यांचा ठरू शकतो. घर उपलब्ध नसेल तर तसे प्रमाणपत्र घेऊन, बाहेर राहण्याची परवानगी मिळवून मगच भाड्याचे घर करावे. परवानगीआधी केलेल्या भाडेकरारावर घरभाडे भत्ता मागणे अवघड जाते. हा भत्ता शहराच्या एक्स, वाय, झेड या वर्गांवर ठरतो, त्यामुळे पुण्याच्या लोहगावहून कच्छमधील नलियाला जाणाऱ्या कुटुंबाच्या महिन्याच्या हिशेबात लक्षात येण्याजोगा फरक पडतो.

उंचावरच्या स्टेशनची गोष्ट निराळी आहे आणि तिथे थोडे थांबून वाचावे. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरपेक्षा उंच आहे. विमानातून उतरल्यावर माणसाला आपण ठीक आहोत असे वाटते आणि नेमका तिथेच धोका असतो, कारण विरळ हवेमुळे फुफ्फुसात पाणी साचण्याचा विकार पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत उद्भवू शकतो. सैन्यदलांत या उंचीसाठी ६ दिवसांचे अनुकूलन ठरलेले आहे: पहिले २ दिवस पूर्ण विश्रांती, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर सावकाश चालणे, पाचव्या-सहाव्या दिवशी जास्त अंतर आणि थोडा चढ. दीर्घ रजेवरून परतल्यावर हे पुन्हा करावे लागते. धाप, खोकला, डोकेदुखी अंगावर काढू नका आणि सामान लावण्याच्या उत्साहात पेट्या उचलू नका. लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिमकार्ड चालत नाही, म्हणून निघण्यापूर्वी ते पोस्टपेड करून घ्यावे. ईशान्येकडे छाबुआ किंवा तेजपूरला जाणाऱ्यांची अडचण ओलाव्याची असते. तिथे पुस्तके, चामड्याच्या वस्तू आणि रेशमी साड्या यांवर बुरशी चढते, तेव्हा पेट्या जमिनीपासून वर विटांवर ठेवाव्यात आणि ऊन पडले की उघडाव्यात.

सातवी पायरी: धावपट्टीच्या शेजारी राहणे

स्टेशनवरचे काही नियम बाहेरून आलेल्या कुटुंबाला जाचक वाटतात, पण त्यांची कारणे समजली की ते आपोआप पाळले जातात. कचऱ्याचेच घ्या. उघड्यावर टाकलेल्या शिळ्या अन्नावर घारी, कावळे जमतात, आणि उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या इंजिनात एखादी घार शिरली तर वैमानिकाजवळ निर्णयासाठी काही सेकंदच असतात. म्हणूनच विमान नियम, १९३७ मधील नियम ९१ विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या परिसरात पक्षी जमतील अशा रीतीने कचरा टाकण्यास आणि जनावरे कापण्यास मनाई करतो. क्वार्टरच्या गॅलरीत पक्ष्यांसाठी दाणे ठेवणे हे गावाकडे पुण्याचे काम असले, तरी इथे ते करू नये. पतंगाचेही तसेच, मुलांना पहिल्याच संक्रांतीला हे समजावून सांगावे लागते.

कामावर जाणाऱ्यासाठी याचे दुसरे रूप म्हणजे एफओडी, म्हणजे धावपट्टीवर किंवा विमानाजवळ पडलेली कोणतीही परकी वस्तू. खिशातून पडलेले पेन, एखादा नट, पिशवीचा तुकडा यांपैकी काहीही इंजिन किंवा टायर निकामी करू शकते. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड विमान कोसळले आणि ११३ जण मृत्युमुखी पडले, त्याची सुरुवात दुसऱ्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीने झाली होती. खांद्याला खांदा लावून मान खाली घालून धावपट्टी तपासत चालण्याचे काम नवख्याला कंटाळवाणे वाटते. ते मन लावून करावे.

आवाजाची सवय होते. लढाऊ विमान आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी यंत्रणा) लावून उठले की खिडक्यांची तावदाने थरथरतात, आणि रात्रीच्या उड्डाणांच्या दिवशी लहान मूल दचकून उठते. पाळणा खिडकीपासून दूर ठेवणे, जाड पडदे लावणे एवढे करता येते. काही आठवड्यांत मुले विमानाच्या आवाजावरून त्याचे नाव सांगू लागतात.

गुप्ततेबाबत मात्र सवलत नाही. धावपट्टी, विमाने, हँगर, फाटक यांचे फोटो काढू नयेत, आणि घराच्या अंगणातल्या वाढदिवसाच्या फोटोतही मागे काय दिसते ते पाहावे. पोस्टिंगची जागा, युनिटचे नाव, नवरा डिटॅचमेंटवर (दुसऱ्या ठिकाणच्या तात्पुरत्या कामगिरीवर) कधी गेला आणि कधी येणार, हे समाजमाध्यमांवर किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटातही लिहू नये. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ हा पत्नीला, मुलांना आणि पाहुण्यांनाही लागू आहे. कामवाली बाई ठेवायची असेल तर तिची पोलीस पडताळणी आणि पास झाल्याशिवाय तिला आत घेता येत नाही, हेही आधी समजून घ्यावे.

राहिलेली कामे

मतदारयादीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सेवेतील मतदार म्हणून नमुना २ भरून आपल्या मूळ गावच्या मतदारसंघात नाव ठेवता येते, आणि बरोबर राहणाऱ्या पत्नीचेही त्यातच लावता येते. मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली जाते. कुटुंबासह सर्वसाधारण स्टेशनवर राहत असाल, तर तिथले सामान्य मतदार होण्याचाही पर्याय आहे, पण दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही.

आई-वडील भेटीला येणार असतील, तर त्यांचे तिकीट काढण्यापूर्वी स्टेशनकडून पाहुण्यांच्या पासची पद्धत विचारा आणि त्यांच्या ओळखपत्राच्या प्रती आधी मागवून घ्या. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या राज्यांत जाण्यासाठी त्यांना इनर लाइन परमिट लागते, आणि गावाकडून निघालेल्या वृद्ध माणसांना ते काढून देण्याची जबाबदारी आपली असते. त्यांच्या औषधांची यादी आणि चालू असलेल्या उपचारांचे कागद त्यांच्याबरोबर यावेत. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असल्याची नोंद कागदोपत्री झालेली असेल, तर स्टेशनच्या दवाखान्यात त्यांनाही उपचार मिळतात, आणि ती नोंद पुढच्या बदलीपर्यंत न थांबता पहिल्याच महिन्यात करून घ्यावी.